पेटी वगळून

डॉक्टरांनी विचारलं, एक ते दहा, किती दुखतंय?
हालवार गप्प.
त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, नजर खिडकीच्या कडीवर.
दहा काय?
एवढंच म्हणाला, बऱ्याच वेळानं.
त्यांनी लिहिलं: वेदना नाही.

ऑटिझमचा कागद त्याला मिळाला एकोणसत्तराव्या वर्षी,
बहीण गेली त्याच हिवाळ्यात.
तोवर ओस्लाउगच सांगायची लोकांना
त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ,
आणि नव्या स्वेटरची लेबलं उसवून टाकायची.
मला ती फक्त कात्री देऊन गेली.

चार रात्री तो खुर्चीतच झोपला.
पलंगाकडे फिरकेना. आम्ही म्हटलं, वय.
मग आठवलं, वार्डोच्या धक्क्यावर
एकतीस वर्षं त्यानं मासे तोललेत.
पाचव्या पहाटे विचारलं,
हालवार, किती किलो?

उत्तर लगेच, जणू कुणीतरी एकदाचं नीट बोललं होतं:
बेचाळीस. उठताना अठ्ठावन्न. डावीकडे.

खुब्याचं हाड तडकलेलं निघालं.

आता त्याच्या तक्त्यावर मी वेदना किलोत लिहिते.
नवी डॉक्टरीण आधी हसली, मग तीही लिहू लागली.
शस्त्रक्रियेनंतर नऊ. काल साडेतीन.

आज बर्फातून ड्यूटीवर आले,
आईचा फोन येऊन गेला होता.
त्यानं वर पाहिलं नाही.
तुझं किती?
वीस असेल, म्हटलं.
पेटी धरून, की पेटी वगळून?

मला सांगता येईना.
तो थांबला.
काटा स्थिर होईपर्यंत थांबायची
त्याला सवय आहे.