चौथ्या क्रमांकाचा खोकला

गाण्यात दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर
गिटार थांबते, ढोल अजून पडायचा असतो,
त्या फटीत एक माणूस खोकतो.
तो माझा बाप.

इस्लुइन प्रॉसर. कुमहेलिगची खाण बंद झाली
तेव्हा बेथानिया चॅपलच्या किल्ल्या त्याच्याकडे आल्या,
किल्ल्या, झाडू, गळक्या छताखालची बादली.
प्रार्थनेला उरले होते अकरा जण,
म्हणून मंगळवारी आतलं दालन
टायव्हिऑनच्या पोराला आणि त्याच्या बँडला दिलं,
तासाला दोन पौंडांनी.
"आवाज करा," म्हणाला, "देवाला सवय आहे.
फक्त ऑर्गनला हात लावायचा नाही."
त्यांनी लावलाच.

टेप फिरत होती. बाबा मागच्या बाकावर
दम धरून बसले होते.
दम धरणं ही त्यांची रोजचीच कसरत,
छातीत चौतीस वर्षांचा कोळसा,
जिना चढताना मधल्या पायरीवर
खिडकीबाहेर काहीतरी बघण्याचं निमित्त.
दोन मिनिटं चाळीस सेकंद त्यांनी ढास अडवली.
मग नाही अडली.

रोड्री म्हणाला, परत घेऊ.
टेप संपत आली होती, पैसे आधीच.
ढोलवाला म्हणाला, राहू दे रे,
तालात खोकलाय म्हातारा.

गाणं दरीतून बाहेर पडलं, वर चढत गेलं.
सव्वीस, अकरा, सात,
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चार.
आई दर रविवारी रेडिओजवळ बसून
हात वर करायची: गप्प, आता बाबा.
बाबा दुसऱ्या खोलीत निघून जायचे.
एकदा तिथूनही खोकले, नेमके त्याच क्षणी,
आणि आम्ही तिघी हसलो.
हसताना आईने ओट्याची कड धरली होती.

नुकसानभरपाईचा डॉक्टर म्हणाला,
धूळ वीस टक्के, बाकी सिगारेट.
म्हणाला, पुरावा पुरेसा नाही.
दीड लाख घरांत पुरावा
तबकडीवर गरगरत होता.

बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली.
मी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसते.
छतातून दिवसभर गाणी गळतात.
महिन्यातून एकदा तरी, कुणाचे बटाटे
आणि कुणाच्या कुत्र्याचं खाणं यांच्या मधे,
ते येतात, खोकतात, जातात.
माझा हात थांबतो.
गिऱ्हाईक विचारतं, काही अडलं का?
हो, म्हणते. सुटेल.

मागच्या वर्षी गाण्याची नवी प्रत निघाली,
तिसाव्या वाढदिवसाची, धुऊन-पुसून.
दोन एकेचाळीसला काहीच नाही.
इतकं स्वच्छ काहीच नाही
की मला फिनाइलचा वास आला.
रोड्रीला पत्र टाकलं. त्याचं उत्तर:
लंडनमधल्या कुण्या मुलाने केलं,
त्याला वाटलं, तो दोष आहे.
माफ कर, नेरिस.

ऑगस्टमध्ये ते गावात वाजवायला आले,
चारांतले तीन, आणि एक भाड्याचा.
रग्बीच्या मैदानावर नऊ हजार माणसं.
गिटार थांबली.
आणि नऊ हजार माणसं खोकली.

एकदम. तालात.
बापाच्या खांद्यावरची पोरगी मुठीत खोकली,
बिअर सांडलेले, टोप्या उलट्या घातलेले खोकले,
ज्यांना खाण म्हणजे शाळेची सहल,
ज्यांच्या घरी मधल्या पायरीवर
कुणी कधी थांबलं नाही, ते सगळे.
कुणाचा, ते माहीत नव्हतं.
पाठ होता फक्त.

मग ढोल पडला.
शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं,
तू नाही खोकलीस?
मला येत नाही तसा, म्हटलं.

नंतर पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून,
एकदा करून पाहिला.
घाई झाली.
बाबांनी अजून एक सेकंद धरला असता.