हिरवी ओळ

मे संपत आला तरी सुपिरिअरच्या काठाला
बर्फाची एक मळकी कड अजून चिकटून आहे.
ॲम्ब्युलन्सच्या ठाण्यात, रात्रपाळीला,
मांडीवर लॅपटॉप घेऊन मी यादी पाहते आहे.
सव्वीस नावं.
लाल म्हणजे स्वप्न, पिवळं म्हणजे बरोबरीचं,
हिरवं म्हणजे हमखास.
रंग माझे नाहीत. कॉलेजातल्या सल्लागार
ट्रेव्हेनाबाईंनी दिले,
आणि माझे गुण बघून म्हणाल्या,
"रीक्का, तुला काय, तू कुठेही जाशील."

कुठेही.
रात्री दोन वाजता हा शब्द वाजवून पाहावा,
किती पोकळ आहे ते कळतं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल;
पण माझे पाय लांब आहेत एवढंच सगळे सांगतात,
अंथरूण कुणी उलगडून दाखवत नाही.

चांगल्या गुणांचं एक वेगळंच भय असतं,
बोलून दाखवायचीही सोय नाही,
जेवून उठलेल्यानं भुकेचं गाऱ्हाणं सांगावं तसं दिसतं.
लालवाल्यांकडे माझ्यासारखे पोत्यानं येतात.
हिरव्यांना वाटतं, ही कसली इथं टिकते,
ही वाटेवरची पाहुणी,
आणि ते आधीच कडी लावून घेतात.
आयनर कोस्केलाचं गेल्या वर्षी हेच झालं.
माझ्याहून दोन गुण जास्त, बावीस अर्ज,
आणि एप्रिलमध्ये तो बापाच्या वखारीत
फळ्या मोजत होता.
अजून मोजतो.

म्हणून मी नावं वाढवते.
मग एकेका नावाची फी
आईच्या शाळेतल्या स्वयंपाकघराच्या तासांनी भागते,
आणि खोडते.
समुद्राकाठचं ते जुनं,
लायब्ररीच्या फोटोवर भाळून घातलेलं: खोडलं.
वाळवंटातलं एक,
तिथे फावड्यानं दार मोकळं करावं लागत नाही
एवढ्याच कारणासाठी: ठेवलं.

डेल्बर्ट कॉफी घेऊन मागे उभा.
तेवीस वर्षं हीच गाडी चालवतोय.
"हे हिरवं कुठलं?"
तीन तासांवरचं. खेड्यांसाठी डॉक्टर घडवतात ते.
"आणि हिरवं म्हणजे?"
म्हणजे दुसरं काहीच नाही जमलं, तर.
तो कपावर फुंकर घालत राहिला.
मग म्हणाला, "जानेवारीत, वादळात,
टॅपिओलाच्या पलीकडचं ते बाळंतपण.
फोनवर चाळीस मिनिटं जी बाई आपल्याला
हात कुठे ठेवायचा ते सांगत होती,
ती कुठे शिकली माहितीये?"
मला माहीत नव्हतं.
मी विचारलंही नाही,
आणि तेवढ्यात रेडिओ खरखरला.

वाइनो हेइक्किला, वय एक्याऐंशी,
सौनातून बाहेर येताना पायरीवर कोसळलेला.
टॉवेलात गुंडाळलेला, अंगाला बर्चच्या पानांचा वास,
छातीवर तारा लावताना
माझ्याकडे टक लावून बघत होता.
"डॉक्टर का तू?"
अजून नाही.
"मग आटप लवकर. मी काही थांबून राहणार नाही."
डेल्बर्ट आरशात हसला. मी नाही.
त्याची नाडी माझ्या बोटांखाली
पाय घसरत चालल्यासारखी चालत होती,
मध्येच थांबायची, मध्येच धावायची.

उजाडताना परत आलो. म्हातारा जिवंत होता,
आणि नर्सशी भांडत होता.
मी यादी उघडली, सगळे रंग पुसून टाकले.
पांढऱ्यावर नुसती पंचवीस नावं,
हजेरीपटासारखी.
पाहवेना. घाबरून सगळे परत भरले,
लाल, पिवळे, हिरवे, बाईंच्या हिशेबानं जसेच्या तसे.
फक्त त्या एका ओळीवर
हात थबकला.

सोमवारी ट्रेव्हेनाबाई चष्मा वर करून विचारतील,
"ही रंगवायची राहिली वाटतं?"
मी हो म्हणेन.