रकाना क्रमांक नऊ

विम्याच्या अर्जात नववा रकाना असतो :
‘अर्जदारास काही धोकादायक छंद आहेत काय?’
जयेंद्रगंजच्या कचेरीत एकोणीस वर्षं
मी लोकांकडून तिथं ‘नाही’ लिहवून घेते.
काल हेरंबचा अर्ज माझ्याच टेबलावर आला
आणि पेन अडलं.

हा तोच, जो कोपऱ्यावरून दूध आणायलाही
हेल्मेट घालून जायचा.
लहानपणी पाटणकर बाजारात माझी करंगळी धरून
दोनदा इकडे, दोनदा तिकडे बघायचा
आणि रस्ता मोकळा असला तरी म्हणायचा,
ताई, थांबूया अजून.

चौदा महिने वर होता. कुठे, ते सांगत नाही.
आल्यापासून तिघऱ्याच्या धरणावर
कठड्यावरून चालतो, खिशात हात घालून.
मालगाडीचा दिवा दिसत असताना
बंद फाटकाखालून गाडी काढतो.
आणि घरात?
घरात गॅसचं बटण तीनदा तपासतो,
मला खिडकीजवळ बसू देत नाही,
चहा पितो तो पाठ भिंतीला लावून.
मृणाल परवा भांडी घासता घासता म्हणाली,
‘त्याची सुट्टी संपायची वाट बघते मी, वन्सं.’
मग नळ उगाच मोठा केला.

जानेवारीतलं धुकं. महाराजपुऱ्याच्या लग्नाहून परतताना
बाबांच्या जुन्या बुलेटवर मी मागे,
मांडीवर गजकचा डबा.
गोला का मंदिर अजून लांब होतं
आणि त्यानं दिवा विझवला.
पांढरा अंधार. ओरडायला तोंड उघडलं
तर ऐकू आलं, तो गुणगुणतोय.
आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल.

‘दिवा लाव, हेरंब.’
‘तिथं दिवा लावणारा जातो, ताई.’
‘हे तिथं नाही.’
यावर काही नाही. फक्त इंजिन.

मी त्याच्या काखेखालून हात घातला, बटण चाचपलं.
उजेड पडला :
समोर रेतीचा ट्रॅक्टर, मागे एक लाल काच नाही.
त्यानं बोटभर अंतरानं गाडी काढली, अगदी शांतपणे.
पण मग जॅकेटखाली पाठ लाकूड झाली
आणि घर येईपर्यंत
स्वतःच्याच दिव्याच्या उजेडात तो कापत राहिला.

साहेब म्हणतात, ‘नाही’ लिहून टाका मॅडम,
तीनची डाक जाईल.
छंद नाहीच हा, एवढं मी शपथेवर लिहीन.
पण रकान्यात जागा
एकाच शब्दाची ठेवली आहे.