कोरडा प्लग

देवपुरात पारा सहावर आला
की आमची चौऱ्याऐंशीची पद्मिनी मुकी होते.
स्टार्टर फिरतो, ख्यां ख्यां ख्यां,
दिवे पिवळे पडतात,
सोनवणे सर गच्चीवरून विचारतात, "आज किती?"
मी बोटं दाखवतो. एका हाताची पुरत नाहीत.

आधी बॅटरीला दोष दिला. नवी घेतली.
मग पेट्रोलला. पारोळा चौफुलीचा पंप सोडला.
मग प्लग, कॉइल, पॉइंटमधलं अंतर,
आणि शेवटी थंडीला,
जिच्या नावानं कुणी बिल फाडत नाही.

दहा वाजता ढकलत, धापा टाकत
भटू मिस्तरीकडे न्यावी,
तर तिथं पहिल्या चावीला सुरू,
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तशी.
तीनदा झालं असं. चौथ्यांदा भटू म्हणाला,
"गरम गाडी खोटं बोलस, भाऊ.
रातभर हात नका लावू. पाचले येसू मी."

आला. माकडटोपी, दातांत विझलेली बिडी.
चावीकडे बघितलंही नाही.
बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला,
दवानं ओला झाला तळवा, पँटला पुसला.
"एकच खेप भेटस. सकाळनी पहिली.
ती वाया गई का मग डायरेक्ट उद्या."

एअर फिल्टरचं झाकण उघडलं,
कार्बोरेटरच्या नरड्यात टॉर्च मारला.
चोकची पाकळी पुरती मिटत नव्हती,
केबल दोन सूत ढिली. ती आवळली.
हे अर्धंच दुखणं, म्हणाला.
मग ॲक्सिलरेटरची दांडी हातानं ओढली.
आत पिचकारी उडायला हवी होती.
पुन्हा ओढली.
नाही.
प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला.
गार, करडा. मी हुंगला.
कसलाच वास नव्हता.

"रोज काय करतस तुम्ही?"
पंपिंग, म्हटलं. पाच-सहा वेळा. जोरात.
तो हसला नाही.
एक गाडी बुडून गप्प असते, म्हणाला,
आणि एक कोरडी पडून.
बाहेरून आवाज एकच.
माणूस दोघींवरही पाय मारत सुटतो.
प्लग काढल्याबिगर समजत नही कोणती.

मागं दार वाजलं. योगिनी.
पुण्याहून आली त्याला सतरा दिवस झाले,
आणि सतराही दिवस मी
ताटावर, अंगणात, उठल्या उठल्या,
काय झालं, कुणी काय म्हटलं,
नोकरी सोडलीस की त्यांनीच
प्लग खिशात टाकायला गेलो.
भटूनं काढून घेतला.

दोष निघाला पेट्रोल पंपाच्या झडपेत.
रात्रभरात थेंब थेंब करून
सगळं पाइपातून मागं टाकीत जातं,
सकाळी कार्बोरेटरची वाटी रिकामी.
पंपाच्या बगलेत एक इवली दांडी असते.
चाळीस वर्षं ती तिथं आहे,
मला माहीत नव्हती.
दहा वेळा दाबली त्यानं. मग म्हणाला, मारा.
मारली.
खोकली, पांढरा धूर सोडला, धरून राहिली.
गच्चीवर सोनवणे सरांनी एक बोट वर केलं.

झडप मालेगावच्या जुन्या बाजारात
भेटनी तर भेटनी. तोवर दहा.

म्हणून आता रोज पहाटे वाकतो,
गार लोखंडात हात घालतो, मोजतो.
योगिनी हल्ली चहा घेऊन पायरीवर बसते.
बोलत नाही. मी विचारत नाही.
काल बोटं बधिर झाली, मध्येच गडबडलो,
सात की आठ, कळेना. थांबलो.
पायरीवरून आवाज आला,
"नऊ झाले, पप्पा.
एक राहिला."