टाचेचे दोन ठोके

एनार लुंडीनच्या रिसीव्हरच्या पाठीला
दोन फटींचं एक सॉकेट आहे.
खाली पुसट अक्षरं: फार तर शंभर वॅट.
पुढची कळ दाबली की तिथे वीज येते,
पुन्हा दाबली की जाते.
चौऱ्याहत्तर साली लोक तिथे टर्नटेबल लावत,
फार झालं तर टेबललॅम्प.
तळघरातले दोन ॲम्प्लिफायर लावत नसत.
ते एकेक बत्तीस किलोचे. जागे होताना
पहिल्याच घोटाला इतका करंट पितात
की म्हाताऱ्या कळीची जीभ पोळून निघेल.

हे मी फोनवरच सांगितलं होतं.
तो म्हणाला, ये तर खरी.

डुलुथची ती चढण, फेब्रुवारी, चाकांना साखळ्या.
खाली सरोवर पांढरं, एकही जहाज नाही,
आणि उचलता पूल आडवा पडलेला,
ज्याच्या केबिनमध्ये त्याने सव्वीस वर्षं काढली.
जहाजाने भोंगा द्यायचा,
याने भोंग्यानेच उत्तर द्यायचं,
मग शेकडो टन लोखंड
हळूहळू आभाळाकडे.

त्यामुळे रिले समजावायला वेळ लागला नाही.
तुझी कळ नुसता भोंगा देईल, म्हटलं,
ओझं उचलणारा खाली वेगळा बसेल.
"म्हणजे मी," तो म्हणाला.

जानेवारीत तो जिन्यावरून घसरला.
तेरा पायऱ्या, सहावी हलते.
तेव्हापासून मुलीचा, कारिनचा, एकच धोशा:
जिना नाहीतर स्टिरिओ, एक काहीतरी सोड.

मी खाली उतरले.
ॲम्प्लिफायर गार. एकावर मांजर,
कालच्या उबेच्या आशेने.
शेजारी तिवई, विणलेली उशी,
फळीवर लिंगनबेरीच्या जॅमच्या बरण्या, तारखा तीन वर्षांपूर्वीच्या.
आणि दोन बटणांच्या मध्ये
पिवळी पडलेली चिकटपट्टी,
तिच्यावर पेन्सिलीने: डावा आधी.

वर येऊन विचारलं, डावा आधी का?
"बेरिटला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग: ती दुपारभर खालीच असायची, बरण्या भरत.
मी इथे, या फळीवर, टाचेने दोनदा ठोकायचो.
ती बटणं टाकायची.
रेकॉर्ड संपली की पुन्हा दोनदा.

मी एका रिलेचा हिशोब करून आले होते.
दोन बसवले.
पोलादी डबा, फ्यूज, जाड वायर,
डाव्याला तीन सेकंद, उजव्याला चार,
म्हणजे रिसीव्हर आधी स्थिरावेल
आणि स्पीकर दणकणार नाहीत.
बंद होताना मात्र हे दोघे सगळ्यांच्या आधी:
उशिरा येऊन लवकर उठणारे, जावयासारखे.
दुसऱ्या रिलेचे अकरा डॉलर
बिलात लिहायचे राहिले, असं समजा.

संध्याकाळी पाचला त्याने कळ दाबली.
डायल हिरवी उजळली. बाकी काही नाही.
खालून: टक्.
मग: टक्.
आणि खोलीचा जणू छातीभर श्वास.

मी हत्यारं आवरत होते, तरी दिसलंच.
कळ दाबण्याआधी
सपातीतली टाच दोनदा आपटली होती.
त्यालाही ते आत्ता कळलं. पायाकडे बघत राहिला,
जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"फार लवकर उत्तर देतंय," तो म्हणाला.
"ती कधी कधी ओरडायची, थांब, हात भरलेत."

वेळ वाढवता येतो, मी म्हटलं. एक स्क्रू आहे.

त्याने दोन्ही हात पोटाशी नेले,
नसलेल्या ॲप्रनला पुसल्यासारखे केले,
ओठांत मोजत.

"नऊ," म्हणाला.
"उजव्याला दहा."

मी स्क्रूड्रायव्हर घेतला,
आणि सहावी पायरी चुकवत
खाली गेले.