पाणसळ

ब्यूटच्या टेकडीच्या पोटात
माणसांनी इतकी वर्षं तांबं खणलं
की वरची जमीन आता सरळ राहत नाही.
हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल.

डॉक्टर हॅलम बोझमनहून आले. दातांचे डॉक्टर.
व्हॅनमध्ये खाण-कामगारांच्या बारमधलं पूल टेबल,
सुटं करून ब्लँकेटांत गुंडाळलेलं.
"मिस ट्रेगेन्झा, अगदी नवं करून द्या.
काल कारखान्यातून निघाल्यासारखं."
दात बसवणाऱ्याला असंच वाटणार.

कापड गेलंच होतं, पावशतक बिअर प्यायलेलं.
ते काढताना मी मागंपुढं पाहत नाही.
गाद्यांचं रबर दगड झालं होतं.
चेंडू आदळून परत यायचा नाही,
नुसता टेकायचा,
पाळी संपवून आलेला माणूस दाराला टेकतो तसा.
तेही नवं घातलं.
खिशांचं चामडं मात्र धड होतं, फक्त शिवण उसवलेली.
मेणाचा दोरा ओवून शिवली.
नवा दोरा उठून दिसतो. दिसू दे.

मग लाकूड.
कडेवर सिगारेटचे सत्तावीस चटके,
त्यातले एकोणीस एकाच कोपऱ्यात, डावीकडे.
म्हणजे तिथं उभा राहणारा कुणी एक
नेम धरताना सिगारेट कडेवर ठेवायचा
आणि विसरायचा.
वाईट खेळणारा विसरत नाही.

रंधा उलटा चालत नाही, वडील म्हणायचे.
एवढंच म्हणायचे.
तरुणपणी त्यांनी बारा टेबलं घासून घासून
आरशासारखी केली होती.
पुढे त्यातलं एखादं कुठल्या बारमध्ये दिसलं
की ते ग्लास न संपवता
दुसऱ्या बारमध्ये जायचे.

दगडी पाटी तीन तुकड्यांची. चौघांनी उचलली.
वरून कोरी, शाळेतल्यासारखी.
खाली, सांध्यात, पाणसळ जुळवायला सारलेल्या चिपा:
चौकटची सत्ती,
पगाराच्या पाकिटाचा कोपरा,
त्यावर कुणा हिएतालाचं नाव, रक्कम फाटलेली.
आणि एका पायाखाली ठोकळा.
आधी ओक, त्याखाली बुटाचा तळवा,
त्याखाली खाणीतल्या खांबाचा काप, अजून ओलसर वासाचा.
जमीन खचत गेली
तसतसं कुणीतरी वाकून
तेवढंच उचलत गेलं होतं.

गुरुवारी डॉक्टर पाहायला आले.
चटक्याच्या खड्ड्यात त्यांनी बोट घातलं, सवयीनं.
"हे भरणार ना?"
भरता येतं, म्हटलं. लाखेनं. कळणारही नाही.
बोट तिथंच राहिलं.
"कसा खेळत असेल?"
मी एकोणीसचा आकडा सांगितला.
"मग तो कोपरा राहू दे.
बाकीचं करा."

केलं.
तीन कोपरे कालचे, एक तेव्हाचा.
बरोबर केलं का, ठाऊक नाही.
अर्धवट खरं बोलावं तसं वाटत होतं,
आणि पैसे मी पूर्ण घेतले.

बोझमनच्या तळघरात फरशी सपाट, नवी.
ठोकळ्याचं तिथं काम नव्हतं, ठेवला असता
तर चेंडू सगळे एकाच खिशाकडे गेले असते.
डॉक्टर कॉफी आणायला वर गेले तेव्हा
सांगाड्याच्या आतल्या बाजूला
मी तो दोन स्क्रूंनी बसवला,
सत्तीसकट. पाकिटासकट.
बिलात लिहिला नाही.
पुढे कुणी टेबल उघडलं तर त्यांचं ते बघतील.

मग पाणसळ ठेवली. बुडबुडा हलला,
मधोमध थांबला.
इतका मधोमध
की मी पुन्हा एकदा ठेवून पाहिली.

रात्री घरी आले.
ओट्यावर अंडं ठेवलं, फ्रायपॅन शोधायला वळले.
ते आपलं निघालंच होतं,
सावकाश, टेकडीच्या बाजूला.
न बघता हात मागं केला
आणि धरलं.