धुवायचं नसतं

चेंबूरच्या पालिकेच्या तलावावर
बायकांची बॅच अकरा ते बारा.
मी कठड्यावर, गळ्यात शिट्टी,
रबरी टोपीत कोंबलेले कमरेपर्यंतचे केस.
एकोणीस वर्षं.

क्लोरीनला वास असतो म्हणतात.
मला येत नाही आता.
संध्याकाळी केस सोडले की
काथ्याच्या पायपुसण्यासारखे पसरतात पाठीवर,
फणी कानाखाली उतरत नाही,
ओढलीच तर तुटल्याचा आवाज अगदी बारीक,
लांबच्या खोलीत कुणी पापड मोडावा तसा.

"काप की गं," तिकीट खिडकीतल्या घोसाळकरबाई म्हणतात.
"एवढं कुणासाठी सांभाळतेस?"
मी हजेरीची वही पुढे ओढते.

खोबरेल लावलं, तर तलावात तवंग आला
आणि दुसऱ्या दिवशी नोटीस: तेल लावून उतरू नये.
मेथी वाटली. दही थापलं.
अंड्याबद्दल बोलत नाही.

मग दिवाळीच्या बोनसातून ती बाटली,
पांढरी, पंपाची, पावणेचारशेची,
पाठीवर मुंगीएवढी अक्षरं.
लावायचं, शंभर आकडे मोजायचे, खळाळून धुवायचं.
दोन बादल्या. तिसरी मनाच्या खात्रीसाठी.
तीन महिन्यांत बाटली संपली,
केस होते तिथेच.
माझं काही चुकलं असेल असं वाटलं नाही,
म्हटलं, कंपन्या फसवतात, आपण फसतो.

दुसरी तरीही आणलीच.
गुरुवारी शॉवरखाली धुताना
बारा वर्षांची तस्नीम बघत राहिली, दातांत क्लिप धरून.
तिला अजून पाण्यात श्वास सोडता येत नाही.
"मॅडम, ते धुवायचं नसतं."
"म्हणजे?"
"तसंच ठेवायचं. लिहिलंय ना, लीव्ह-इन."
आणि मी, जी रोज तिच्यावर ओरडते,
सोड, सोड, धरून ठेवू नकोस,
शिट्टी तोंडात असल्यासारखी गप्प.

तसंच ठेवायचं.
आमच्या घरात असं कुणी सांगितलं नव्हतं.
आई पाहुण्याचा पेला तो जिना उतरायच्या आत धुवायची,
मयताहून आलं की दारातच बादली,
आणि माझं ठरलेलं मोडल्याचा फोन आला
त्या रात्री मोरीवर बसवून
माझ्या दोन्ही हातांच्या मेंदीवर घासणी फिरवली तिने.
रंग गेला नाही.
कातडी गेली.

आज केस टॉवेलात नुसते दाबले, पिळले नाहीत.
तळहातावर शेंगदाण्याएवढं,
मग अजून एक शेंगदाणा, कारण केस कमरेपर्यंत.
टोकांकडून वर. टाळूला नाही,
तस्नीमने बजावलं होतं.
हात नळाकडे गेला.
मागे आणला.
पुन्हा गेला, चोरासारखा, डावा.

खिडकीतून माहुलच्या रिफायनरीची ज्योत दिसते,
तिच्याकडे बघत बसले थोडा वेळ,
हात मांडीखाली दाबून.

मग फणी. सवयीने ओठ आवळले.
कानापाशी थांबली नाही.
खांद्यापाशी जराशी अडली, नाव विचारल्यासारखी,
आणि गेली खाली,
पाठ, मणके, चोळीची गाठ, कंबर,
शेवटी दातांत चारच केस.
मोजले. चारच.

मान थोडी चिकट आहे.
उशीला लागेल.
लागू दे.

मोरीत बादली काठोकाठ भरलेली राहिली.
रात्री दोनदा उठून पाहिली.
तशीच होती.